रूथचा टेम्पो: शिरूर, दौंड आणि आठ चौकोन

मे महिना लागला की ओळखीचे लोक विचारतात, "काय मॅडम, यंदा कुठं?" कुणी कोकणात निघालेलं असतं, कुणी महाबळेश्वरला. आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे: "ऑर्डर येईल तिकडं."

मी प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला सतरा वर्षं झाली. बदली झाली की मे महिन्यात टेम्पो सांगायचा, भांडी पोत्यात, पुस्तकं खोक्यात, गॅसची शेगडी मांडीवर, आणि निघायचं. टेम्पो हलण्याआधी माझा नवरा विजय टपावर हात ठेवून छोटी प्रार्थना करतो आणि आमेन म्हटल्यावर दरवेळी तोच विनोद करतो, "चला, सहल निघाली." तो रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जातो. त्यामुळे त्याची कंपनीची बस जिथं थांबेल त्याच्या आसपासच आमचं घर. आमची मुलगी रूथ आता चौदा वर्षांची आहे, नववीत जाईल. तिच्या चार शाळा झाल्या.

यंदा पाचव्या शाळेची ऑर्डर आली. दौंड तालुक्यात, राहूच्या पुढची एक वस्तीशाळा. मी मोबाईलवर वाचून दाखवलं आणि रूथ जेवणाच्या ताटावरून उठली.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा. मी शिरूरलाच राहणार, आत्याकडं. दरवेळी मी नवीन मुलगी असते. आता मला जुनी मुलगी व्हायचंय."

पर्याय तसा एक होता. मी तिकडं एकटीनं खोली घेऊन राहायचं, बापलेक इकडं, रविवारी भेट. कितीतरी शिक्षकांची घरं अशीच चालतात. पण मला ते नको होतं, आणि नको म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, तेही कळत नव्हतं. तिची शाळा दरवेळी माझ्यामुळंच बदलली होती.

तोडगा विजयनं काढला. त्याला दोन दिवस जोडून सुट्टी होती आणि दारात आमची तीन महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी गाडी उभी होती. "बिनसामानाचं फिरून येऊ," तो म्हणाला. "आपण राहिलो त्या सगळ्या शाळा, आणि शेवटी ती नवी. मग रूथ काय म्हणेल ते."

"आणि मम्मीनं भाषण द्यायचं नाही," रूथनं अट घातली.

मी कबूल झाले. मला ओळखणाऱ्यांना ही अट किती जड होती ते कळेल.

सकाळी साडेसहाला शिरूर सोडलं. या भागात मे महिन्यात फिरायचं असेल तर एवढं एक ऐका: अकराच्या आत जे बघायचं ते बघून घ्या, नंतर ऊन माणसाला बसवून ठेवतं. न्हावऱ्याचा रस्ता आता चांगला रुंद झालाय. साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगण्याची भानगड नाही. पाण्याचा मोठा कॅन घरून भरून घ्या. वाटेतच मिसळ खाल्ली. तिघांचं मिळून पुण्यातल्या एका माणसाच्या नाश्त्याएवढं बिल झालं आणि रस्सा मात्र दोनदा वाढला. रूथनं पाव खाल्ले, रस्सा ढकलला.

पहिला थांबा न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची शाळा. रूथ दुसरीत असताना दौंडहून आम्ही इथं आलो होतो. शाळेला कुलूप होतं, पण व्हरांडा उघडा. पूर्वी तिथं शहाबादी फरशी होती, आता चकचकीत टाइल्स बसल्या होत्या. शेजारच्या घरातले आप्पा बाहेर आले आणि मला लगेच ओळखलं.

"म्याडम! या की. वाळल्या जनू तुम्ही."

"आप्पा, ही रूथ. माझी मुलगी. दोन वर्षं होती ना इथं."

आप्पांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. "व्हय का? आसंल, आसंल. पोरं लई असत्यात, ध्यानात ऱ्हात न्हाई बगा. नाव काय म्हणला?"

रूथ हसली, पण तिचं ते हसू मला माहीत आहे. आप्पा चहा ठेवायला सांगायला आत गेले तेव्हा ती टाइल्सवर चपलेचं टोक घासत म्हणाली, "बघितलंस? दोन वर्षं. आणि मला फक्त फरशी पुसल्याचं आठवतंय."

मलाही तेच आठवत होतं, फक्त मी ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आज इथं लिहिते.

त्या शाळेत आम्ही नवीन होतो. रूथ माझ्याच वर्गात होती आणि शाळेत मला मम्मी म्हणायचं नाही, मॅडमच म्हणायचं, असा नियम मीच केला होता. एके दिवशी केंद्रप्रमुख येणार होते. मी फलकलेखनासाठी रंगीत खडूंची नवी पेटी ठेवली होती. मधल्या सुट्टीनंतर बघते तर व्हरांडाभर रंगीत चौकोन! ठिकरी खेळायला आखतात तसे, आणि प्रत्येकात काहीतरी लिहिलेलं. पाच-सहा पोरी एका पायावर उड्या मारत होत्या, मध्ये रूथ. पेटी अर्धी संपलेली.

मी चिडले. खेळत सगळ्याच होत्या, पण मी ओलं फडकं फक्त रूथच्या हातात दिलं. मॅडम स्वतःच्या पोरीला सोडतात असं कुणी म्हणायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सगळा वर्ग बघत होता आणि सात वर्षांची माझी मुलगी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "झालं, मॅडम." केंद्रप्रमुख त्या दिवशी आलेच नाहीत. मी उरलेले खडू मोजले. चौकोनांत काय लिहिलंय ते वाचलंही नाही.

आप्पांच्या घरचा चहा घेऊन निघालो. विजयनं गाणी लावली, मग बंद केली. ही सहल अंगाशी येणार असं मला वाटायला लागलं होतं.

वडगाव रासाईला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. भीमाकाठचं गाव, मे महिन्यातही चारी बाजूंना हिरवं. नदीत पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, तरी काठावर उभं राहिलं की बरं वाटतं. इथं आम्ही तीन वर्षं राहिलो, रूथ चौथी ते सहावी. शाळेच्या भिंतीची सावली अजून अंगणात पडलेली होती आणि त्या सावलीत चार मुली खेळत होत्या. खडूनं आखलेले आठ चौकोन. एक मुलगी एका पायावर उड्या मारत मोठ्यानं ओरडत होती:

"दौंड! पाटस! वरवंड! चौफुला! केडगाव! पारगाव! न्हावरा!" आणि शेवटच्या चौकोनात दोन्ही पाय टेकवून, हात वर करून, "नवी शाळा!"

मी जागच्या जागी थांबले. हा तर आमच्या पहिल्या टेम्पोचा रस्ता! दौंडहून सामान भरून आलो तेव्हा रूथ माझ्या मांडीवर बसून प्रत्येक गावाची पाटी वाचत आली होती. नुकतंच वाचायला यायला लागलं होतं तिला. तेच तिनं त्या व्हरांड्यात लिहिलं होतं. तेच मी पुसायला लावलं होतं.

रूथ मागं उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

"काय खेळताय गं?" मी विचारलं.

"टेम्पो," सातएक वर्षांची पुढारी मुलगी म्हणाली. तिचं नाव श्रावणी, आमच्या मागून शाळेत आलेली. "रुतचा टेम्पो."

"रुत कोण?"

"काय म्हाईत. डायवर आसंल."

"न्हाई गं," दुसरी मध्येच म्हणाली, "रुत लई आदीची पोरगी व्हती. तिनं शंभर डाव जितले व्हते, एकदा पन औट न्हाई झाली. माझी ताई सांगती."

विजय तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी मात्र अट पाळली, एक शब्द बोलले नाही. रूथ पुढं झाली. "मला शिकवता?"

श्रावणीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढी मोठी मुलगी, पण ठीक आहे, असं तिचं मत पडलं असावं. "ही खापरी टाकायची. ज्या गावात खापरी पडल, तितं टेम्पो थांबत न्हाई, वरनं उडी मारायची. रेघेवर पाय पडला तर पंक्चर. आन् कुनी 'म्याडम आल्या!' म्हणलं की जितं असशील तितं एका पायावर उभं ऱ्हायचं. हललं की औट, मंग फरशी पुसायची."

"फरशी?" माझ्या तोंडून निघालंच.

"म्हंजी हातानं पुसल्यावानी करायचं. आन् 'झालं, म्याडम' म्हणायचं. मंग परत डाव मिळतो."

"असं का पण?"

"तसाच डाव हाय," श्रावणी म्हणाली. तिच्या दृष्टीनं हा प्रश्नच चुकीचा होता.

सात वर्षांपूर्वीचा माझा तो आवाज, ते फडकं, सगळं इथं नियम होऊन बसलं होतं आणि पोरी त्यावर खिदळत होत्या. रूथनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिचकावले. आठवड्याभरात तिनं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

ती खेळायला लागली. दौंड, पाटस, वरवंड नीट गेलं. केडगावला श्रावणी ओरडली, "म्याडम आल्या!" रूथ डगमगली आणि पाय टेकला. पोरींनी जल्लोष केला. रूथनं गुडघ्यांवर बसून जमीन पुसल्यासारखं केलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "झालं, मॅडम."

आता मात्र मी अट मोडली. "अगं पोरींनो, हीच ती रूथ! हिनंच काढलाय हा डाव!"

श्रावणीनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "ही? ही तर केडगावला औट झाली."

रूथनंच चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "परत डाव मिळतो ना?" या वेळी पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहून सारख्या ओरडत होत्या, "म्याडम आल्या! म्याडम आल्या!" आणि ती दरवेळी करकोच्यासारखी थांबायची, मग पुढची उडी. पाटस, वरवंड, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा. शेवटी दोन्ही पाय टेकवून ती एवढ्या जोरात "नवी शाळा!" म्हणून ओरडली की भिंतीवरचा कावळा उडाला.

श्रावणीनं वाकून रेघा तपासल्या. मग म्हणाली, "हीच हाय." आणि चौघी तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणाला तिच्या हाताला हात लावायचा होता, कुणाला ताईला फोन करून सांगायचं होतं.

तिथून आतल्या रस्त्यांनी, दोनदा वाट विचारत, पारगावच्या पुलावर आलो आणि भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. मी मागच्या सीटवर रूथजवळ बसले होते.

"तो नियम तू घातलास?" मी विचारलं.

"हो. चौथीत. वडगावला आल्यावर."

"राग होता माझा?"

"खूप," ती म्हणाली. "पण डावात घातल्यावर सगळ्या हसायला लागल्या. मग मला पण हसू यायला लागलं."

"रूथ, चुकलं माझं. खरंच चुकलं. मी तुझी आई होते आणि मॅडमसारखी वागले."

ती खिडकीबाहेर बघत होती. तिकडंच बघत तिनं माझा हात घेतला, आणि चौफुला येईपर्यंत तो तिच्याच हातात होता. चौफुल्याला उतरून मटण-भाकरी खाल्ली. चुलीवरचं खायचं असेल तर एकच्या आत पोचा, नंतर पुण्याकडच्या गाड्या जागा ठेवत नाहीत. रूथनं या वेळी रस्सा दोनदा मागून घेतला.

दुपार आणि रात्र दौंडला माझ्या दुसऱ्या नणंदेकडं. संध्याकाळी रूथची पहिलीची शाळा बाहेरूनच बघितली, गेटला रंग नवा, बाकी तसंच. मग स्टेशनवर जाऊन चहा प्यायलो. दौंडला आलात तर हे नक्की करा. कुठं जायचं नसताना जंक्शनवर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या, त्यासारखी चैन नाही. विजय म्हणाला, "बिनसामानाचं किती हलकं वाटतं ना?" आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केडगाववरून राहूकडं निघालो. दोन्हीकडं ऊस आणि दर थोड्या अंतरावर एक बारमाही गुऱ्हाळ. गुळाचा वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. एका गुऱ्हाळावर थांबून गरम काकवी घेतली, बाटली भरून. किराणा दुकानातल्या गुळाला तुम्ही नावं ठेवाल एवढी चव.

नवी शाळा वस्तीच्या टोकाला होती. दोन खोल्या, पत्र्याची शेड, एक कडुनिंब. सुट्टी असल्यामुळं शाळा बंद, पण कडुनिंबाखाली पाच-सहा पोरं होती. जवळच्या गुऱ्हाळावर उत्तरेकडून आलेली कुटुंबं कामाला असतात, त्यांची काही आणि वस्तीतली काही. आमच्या गाडीकडं कुणी लक्ष दिलं नाही. ती खेळण्यात गुंग होती.

रूथनं गाडीचं दार उघडलं आणि तशीच बसून राहिली. कारण बाहेरून आवाज येत होता, "वरवंड! चौफुला! केडगाव!"

मी देवाशपथ सांगते, मला हे माहीत नव्हतं. मी आधी येऊन काही ठरवून ठेवलं असं नंतर दौंडची नणंद म्हणाली. पण एवढी हुशारी माझ्यात असती तर त्या व्हरांड्यात मी चौकोन वाचले नसते का?

इथं चौकोन नऊ होते. पारगावच्या पुढं मोकळी, रुंद जागा सोडून निळ्या खडूनं लाटा काढल्या होत्या. एक लहानशी मुलगी, नाव मुस्कान, रूथला समजावून सांगायला लागली, "पारगाव के बाद नदी है ना, दीदी, इसमें पैर नहीं रखने का. पूरा कूदने का. गिरा तो डूब गया."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"वडगाव की लड़की ने. छुट्टी में आती है, मामा के घर." मग वस्तीतल्या एका मुलानं भर घातली, "नदी आमी घातली. तिच्यात नदी नव्हती."

बघा म्हणजे! आम्ही बदलीची ऑर्डर आणि टेम्पो घेऊन गावोगाव फिरत होतो आणि ज्याला आम्ही सुट्टी म्हणत नव्हतो, त्यातून निघालेला हा खेळ दुसऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या सुट्टीत, मामाच्या गावाला जाताना नदी ओलांडून इथं आमच्या आधी पोचला होता. ज्या शाळेत रूथला नवीन मुलगी व्हायचं नव्हतं, तिथं तिचा रस्ता खडूनं आखून ठेवलेला होता.

रूथ खाली उतरली. तिनं नदी एका उडीत ओलांडली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ती घामानं निथळत माझ्याकडं आली.

"मी येते इकडं," ती म्हणाली. "राहूच्या हायस्कुलात जाईन. पण माझ्या दोन अटी आहेत. टेम्पोत खिडकीशी मी बसणार. आणि दिवाळीच्या सुट्टीत आपण अशी सहल करायची की जिथून परत त्याच घरी येतात."

"समुद्राला?" विजयनं विचारलं.

"कुठंही. फक्त परत त्याच घरी."

मी हो म्हणाले आणि रडले. रडणं भाषणात धरत नाहीत.

परतीचा रस्ता पारगाव, न्हावरा, शिरूर. रूथ पुढं बसून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती आणि विजय गाडी थोडी हळू चालवत होता. पेट्रोल, जेवणं, काकवी, सगळं मिळून खर्च आमच्या दरवेळच्या टेम्पोच्या भाड्यापेक्षा कमी झाला. कुणी विचारलं की शिरूर-दौंडमध्ये बघण्यासारखं काय आहे, तर मी सांगेन की तुमच्या मुलांच्या जुन्या शाळा कुठंही असोत, एकदा मुलांना घेऊन जा, तिथल्या पोरांना काय खेळता ते विचारा आणि उत्तर नीट ऐका.

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण काल आमचा टेम्पो भरला. भाड्याचं घर सोडताना झाडून, पुसून द्यायचं, ही माझी जुनी सवय. खोल्या पुसल्या, ओटा पुसला, ओलं फडकं घेऊन अंगणात आले. अंगणातल्या कोब्यावर नऊ चौकोन होते. आदल्या संध्याकाळी रूथनं घरमालकांच्या नातीला खेळ शिकवला होता. खडू तिनं माझ्याच पेटीतले घेतले होते, रंगीत, मला न विचारता. या वेळी मी प्रत्येक चौकोन वाचला. सुरुवातीला आता शिरूर होतं, मग न्हावरा, नदी, पारगाव. शेवटच्या चौकोनात "नवी शाळा" नव्हतं. तिथं लिहिलं होतं, "आमची शाळा".

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी होते. टेम्पोच्या खिडकीतून रूथ ओरडली, "मॅडम आल्या!"

मी पदर खोचला आणि एका पायावर उभी राहिले. घरमालकांची नात हसून लोळायला लागली, विजयनं कपाळाला हात लावला. डायवर म्हणाला, "आवो म्याडम, ऊन व्हतंय, निगायचं न्हवं?" मी हलले नाही. रूथनं "सुटली!" म्हटल्यावरच पाय टेकवला. मग फडकं कुंपणावर वाळत टाकलं आणि चौकोनांना वळसा घालून टेम्पोत चढले.